पंख्याची गोष्ट खोटी, पातेल्यांची खरी

माननीय संपादक साहेब,

स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जर्मन गाड्यांवर पानभर लेख आला, त्यातला बीएमडब्ल्यूचा भाग वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. लेख वाईट नव्हता, भाषा छान होती, फोटो तर मस्तच होते, पण वाचून संपल्यावर असं वाटलं की ही कंपनी पाळण्यातच श्रीमंत होती, पहिल्या दिवसापासून राजेरजवाड्यांसाठी गाड्या बनवत आली आणि आज जी तिची ऐट आहे ती शंभर वर्षं अशीच चालत आलीय. तसं अजिबात नाहीये हो. मी काही इंजिनिअर वगैरे नाही, पण जुन्या गाड्यांचा इतिहास वाचायचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे आणि या कंपनीइतकी धडपडलेली, दोनदोनदा मरता मरता वाचलेली कंपनी क्वचितच सापडेल. ती सगळी धडपडच तुमच्या लेखातून गायब आहे.

आधी लोगोचं घेतो, कारण लेखाची सुरुवातच तिथून झालीय. निळ्या आकाशात फिरणारा विमानाचा पांढरा पंखा! ही गोष्ट जगभर सगळे सांगतात, मीही लहान असताना मोठ्या रुबाबात चार मुलांना सांगितलेली आहे, पण ती खोटी आहे. तो लोगो ५ ऑक्टोबर १९१७ ला रजिस्टर झाला. बाहेरचं काळं कडं आलं राप मोटोरेनवेर्के या आधीच्या कंपनीच्या चिन्हावरून, हीच राप कंपनी त्याच वर्षी नाव बदलून बीएमडब्ल्यू झाली होती. आतले निळे-पांढरे चार तुकडे म्हणजे बव्हेरिया राज्याचे रंग, नावातला ‘बी’ म्हणजे ‘बायरिशे’ तोच. गंमत अशी की सरकारी चिन्हं ट्रेडमार्कमध्ये वापरायला तेव्हा बंदी होती, म्हणून रंगांचा क्रम उलटा लावला. पुढच्या वेळी एखादी बीएमडब्ल्यू उभी दिसली तर बॉनेटजवळ जाऊन बघा, वरचा डावा तुकडा निळा असतो, बव्हेरियाच्या पद्धतीनं तो पांढरा असायला हवा. मग पंखा आला कुठून? १९२९ च्या एका जाहिरातीतून. कंपनी तेव्हा विमानांची इंजिनं बनवत होती, चित्रकारानं विमानाच्या फिरत्या पंख्यात लोगो बसवला, लोकांना ते आवडलं, आणि पुढे १९४२ ला कंपनीच्याच मासिकात ही दंतकथा खरी म्हणून छापली गेली. नंतर कितीतरी वर्षं कंपनीनंही ती खोडून काढायची तसदी घेतली नाही. आपल्याबद्दल कोणी छान गोष्ट सांगत असेल तर मधे बोलणार कोण!

दुसरं म्हणजे लेखात ‘१९१६ पासून आलिशान मोटारी’ असं लिहिलंय. १९१६ हे साल सुद्धा तसं उसनंच आहे, म्हणजे ७ मार्च १९१६ ला स्थापन झाली ती बायरिशे फ्लुगझोयगवेर्के नावाची विमानं बनवणारी वेगळी कंपनी (ती उभी राहिली गुस्टाव ओटोच्या कारखान्यातून, हा गुस्टाव म्हणजे फोर-स्ट्रोक इंजिनवाल्या निकोलाउस ओटोचा मुलगा), आणि १९२२ ला बीएमडब्ल्यूचं नाव आणि इंजिनाचा धंदा तिच्याकडे गेला म्हणून तिचा वाढदिवस हाच आपला वाढदिवस असं कंपनीनं ठरवून टाकलं. आणि मोटारी? पहिली बारा वर्षं एकही नाही. आधी विमानांची इंजिनं, माक्स फ्रित्स या इंजिनिअरच्या डोक्यातून आलेली. १७ जून १९१९ ला फ्रान्झ झेनो डीमर नावाच्या वैमानिकानं बीएमडब्ल्यूच्या इंजिनावर ९,७६० मीटर उंची गाठली, तीही उघड्या विमानात! आणि त्यानंतर बरोब्बर अकरा दिवसांनी व्हर्सायचा तह झाला आणि जर्मनीत विमानांच्या इंजिनांना बंदी. म्हणजे कंपनी जगात सगळ्यात वर पोचली आणि तिथेच खालची शिडी काढून घेतली. मग काय, पोटासाठी रेल्वेचे ब्रेक बनवले. १९२३ ला त्याच फ्रित्सनं आर ३२ ही मोटरसायकल काढली, इंजिनाचे दोन सिलिंडर डावी-उजवीकडे बाहेर आलेले आणि साखळीऐवजी शाफ्ट, तो साचा आजपर्यंत चालू आहे. आणि १९२८ ला आयझेनाख गावातली एक कंपनी विकत घेतली तेव्हा कुठे पहिली कार हातात आली, ती होती डिक्सी, आणि ही डिक्सी म्हणजे इंग्लंडच्या ऑस्टिन सेव्हनची लायसन्सवर बनवलेली जर्मन आवृत्ती. म्हणजे बीएमडब्ल्यूची पहिली कार छोटी, स्वस्त आणि मूळची इंग्लिश! पुढची ती दोन जाळ्यांची ‘किडनी’ ग्रिल १९३३ च्या ३०३ मॉडेलवर आली. इथपर्यंतच्या चुका मी समजू शकतो.

पण मला खरं खटकलं ते पुढचं वाक्य. ‘युद्धकाळात कंपनीला मोठा फटका बसला.’ संपलं. तेवढंच. साहेब, फटका बसला म्हणजे काय, पाऊस लागला का? नाझी राजवटीत ही कंपनी वाढली, लढाऊ विमानांच्या इंजिनांवर प्रचंड पैसा कमावला, फोके-वुल्फ १९० मध्ये बीएमडब्ल्यूचं ८०१ इंजिन असायचं. म्युनिकजवळच्या आलाखच्या कारखान्यात डाखाऊ छळछावणीची शाखाच होती, हजारो कैद्यांना आणि पकडून आणलेल्या परदेशी मजुरांना तिथे राबवलं. हे कंपनी स्वतः लपवत नाही आता, २०१६ ला शंभरी साजरी करताना त्यांनी या छळाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. मग आपण का लपवायचं? आणि इथे एक घोळ नेहमी होतो तोही सांगून टाकतो. लोक म्हणतात क्वांट घराणं नाझींच्या काळापासून बीएमडब्ल्यूचं मालक. नाही. गुंथर क्वांटचा धंदा तेव्हा बॅटऱ्यांचा होता, हॅनोवरच्या त्याच्या बॅटरीच्या कारखान्यातही छळछावणीतले कैदी राबत होते, त्याची घटस्फोटित बायको माग्डा हिनंच गोबेल्सशी लग्न केलं, हे सगळं खरं, पण बीएमडब्ल्यूत हे घराणं ठाण मांडून बसलं ते युद्धानंतर. म्हणजे दोन वेगवेगळी पापं आहेत, एक कंपनीचं आणि एक घराण्याचं, आणि पुढे दोघांचा संसार एकत्र झाला. २००७ ला जर्मन टीव्हीवर एका माहितीपटानं क्वांटांचं हे सगळं बाहेर काढलं तेव्हा त्या कुटुंबानं एका इतिहासकाराला आपली कागदपत्रं उघडून दिली, त्याचा अभ्यास २०११ ला छापून आला. साठ वर्षं उशिरा, पण आला.

बरं, युद्ध संपलं. आयझेनाखचा कार कारखाना रशियनांच्या ताब्यात गेला, ते तिथे बीएमडब्ल्यू नावानंच गाड्या बनवत राहिले, शेवटी नाव बदलावं लागलं तेव्हा ‘ईएमडब्ल्यू’ केलं आणि लोगोतला निळा काढून लाल भरला. (हा लाल लोगो प्रत्यक्ष बघितला की नकली मालाच्या दुकानात आल्यासारखं वाटतं.) इकडे म्युनिकचा कारखाना अमेरिकनांनी मशिनं काढून नेऊन रिकामा केला. आणि मग ज्यांनी आकाशात दहा किलोमीटरपर्यंत जाणारी इंजिनं केली त्या कामगारांनी काय केलं तर स्वयंपाकाची पातेली बनवली. शब्दशः पातेली! बाकी विमानाच्या कारखान्यात अॅल्युमिनियम होतंच पडलेलं. लोगोची खोटी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे आणि ही पातेल्यांची खरी गोष्ट कोणी सांगत नाही, याचंच मला वाईट वाटतं.

१९४८ ला परत मोटरसायकल सुरू झाली, आणि मग कंपनीनं मोठी चूक केली. देश भंगलेला, लोकांकडे पैसा नाही, आणि यांनी काढली ५०१ नावाची भलीमोठी गोलमटोल लक्झरी कार. लोकांनी तिला ‘बरोक देवदूत’ असं नाव ठेवलं, चर्चमधल्या त्या गुबगुबीत देवदूतांवरून. दिसायला सुंदर, पण परवडणार कोणाला? त्यावर कडी म्हणून ५०७ ही स्पोर्ट्स कार काढली, आल्ब्रेख्ट ग्योर्ट्सनं डिझाइन केलेली, आजही कोणी ती बघितली की बघतच राहतो. अमेरिकेत धडाक्यात खपेल म्हणून काढली, पण किंमत ठरवल्यापेक्षा जवळपास दुप्पट झाली आणि विकल्या जेमतेम अडीचशे. एल्विस प्रेस्ली जर्मनीत लष्करात होता तेव्हा त्यानं एक पांढरी ५०७ घेतली, पोरी येऊन तिच्यावर लिपस्टिकनं लिहून जायच्या म्हणून त्यानं ती लाल रंगवून घेतली म्हणतात. तुमच्या लेखात एल्विस आहे, पण ती गाडी बनवण्यात कंपनीचं दिवाळं निघत होतं हे नाहीये.

आणि त्याच वेळी कंपनीचं घर चालवत कोण होतं? इसेटा. ही मूळ इटलीची, इसो या कंपनीची, बीएमडब्ल्यूनं १९५५ पासून लायसन्सवर बनवली. म्युझियममध्ये तिच्यासमोर उभं राहिलं की हसू येतं. अंड्यासारखी, आणि दार एकच, तेही समोर! म्हणजे फ्रिज उघडतो तसं गाडीचं अख्खं तोंड उघडायचं, स्टेअरिंग दाराबरोबरच बाजूला जायचं, आपण आत पाऊल टाकायचं, वळून एका बाकावर बसायचं आणि दार ओढून घ्यायचं, की स्टेअरिंग आपोआप मांडीसमोर. इंजिन मोटरसायकलचं, एक सिलिंडर, १२ हॉर्सपॉवर, वेग ताशी ८५ किलोमीटरपर्यंत. पावसात मोटरसायकलवर भिजून कंटाळलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर मिळालं एवढंच तिचं लक्झरीपण, आणि दीड लाखाच्या वर खपल्या. आज ज्या कंपनीच्या नावावर लोक कॉलर ताठ करतात ती त्या काळात या अंड्याच्या जिवावर जगत होती. तरी ते पुरलं नाही, कारण छोट्या गाडीत सुटतं किती आणि मोठ्या गाड्या तर प्रत्येक विक्रीमागे खड्डा पाडत होत्या, मधली गाडीच नव्हती कंपनीकडे.

मग आला ९ डिसेंबर १९५९. या दिवसावर खरं तर तुमची पुरवणी निघायला हवी. म्युनिकमध्ये भागधारकांची सभा, समोर प्रस्ताव असा की बीएमडब्ल्यू डायम्लर-बेंझच्या, म्हणजे मर्सिडीजवाल्यांच्या, घशात घालायची. आधी जुन्या शेअरची किंमत कापायची, मग नवे शेअर काढायचे आणि ते जुन्या भागधारकांना न देता थेट डायम्लरच्या बाजूला द्यायचे. अध्यक्षपदी हान्स फाइट, ते डॉइचे बँकेचे, आणि डॉइचे बँक डायम्लर-बेंझच्याही घरातलीच. वर आणखी जर्मनीतली पद्धत अशी की लोक शेअर बँकेत ठेवायचे आणि त्यावरचं मत बँकच द्यायची, म्हणजे निकाल आधीच खिशात. डायम्लरच्या ऑफरची मुदतही त्याच दिवशी संपणारी, हो म्हणा नाहीतर दिवाळखोरी. पण हॉलमध्ये छोटे भागधारक भडकलेले, डीलर लोक भडकलेले, कामगारांचा पण विरोध. एरिख नोल्ड नावाचा डार्मस्टाटचा कोळशाचा व्यापारी उठून बोलत राहिला, आणि फ्रीडरिख माटर्न या वकिलानं हिशेबात बोट घातलं: नव्या ७०० मॉडेलच्या तयारीचा सगळा खर्च एकाच वर्षाच्या तोट्यात दाखवलाय, तो खरं तर काही वर्षांत वाटायला हवा होता, म्हणजे कंपनी आहे त्यापेक्षा जास्त आजारी दिसतेय. ताळेबंदावर असा आक्षेप असेल तर फक्त दहा टक्के मतांवर सभा पुढे ढकलता येते असा कायदा होता. दहा टक्के मिळाली. सभा तहकूब, ऑफरची मुदत संपली, डायम्लरचा घास हुकला. बँका, वकील, बडे उद्योगपती सगळे बसलेले आणि खेळ उधळला कोणी, तर कोळसेवाल्यानं आणि हिशेबातल्या एका नोंदीनं. मला तर हे वाचताना दरवेळी शिट्टी वाजवावीशी वाटते.

यानंतर हर्बर्ट क्वांट पुढे आला, गुंथरचा मुलगा, लहानपणापासून डोळ्यांच्या आजारानं जवळजवळ आंधळा. त्याच्याकडे आधीच बीएमडब्ल्यूचे शेअर होते, डायम्लरचेही होते, म्हणजे विकून मोकळा झाला असता तरी त्याचं काही बिघडत नव्हतं, पण त्यानं उलट आणखी पैसा घातला. हे त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, वडिलांचा इतिहास कसाही असला तरी. आलाखचा इंजिन धंदा एमएएन (MAN) या जर्मन कंपनीला विकून थोडा पैसा उभा राहिला, ती छोटी ७०० मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरच्या डिझाइनमुळे बरी खपली, आणि १९६१ ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आली १५००, ‘नोये क्लासे’, म्हणजे नवा वर्ग. चार दारं, मध्यम आकार, चपळ, इंजिन आलेक्स फॉन फाल्केनहाउजेनचं. हीच ती मधली गाडी जी इतकी वर्षं नव्हती. १९६३ ला भागधारकांना युद्धानंतर पहिल्यांदा डिव्हिडंड मिळाला. आणि ते इंजिन असलं दणकट निघालं की त्याच घराण्यातल्या ब्लॉकवर टर्बो बसवून नेल्सन पिकेनं १९८३ ची फॉर्म्युला वन जिंकली. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आज बीएमडब्ल्यू म्हटलं की जे डोळ्यासमोर येतं, चालवणाऱ्याची गाडी, मालकानं मागे न बसता स्वतः स्टेअरिंगवर बसावं अशी, ते नाव ना विमानातून आलं ना त्या देवदूतातून, ते कमावलं एका चौकोनी, साध्या फॅमिली कारनं, तेही बुडता बुडता.

बदनामीचाही थोडा इतिहास द्यायचा होता तुम्ही, कारण तोही तितकाच मजेदार आहे. बीएमडब्ल्यूवाला मागून दिवे मारत येतो, इंडिकेटर देत नाही, हे विनोद सगळीकडे चालतात. त्याचं मूळ एकाच गाडीत शोधणं बरोबर नाही, पण १९७३ ची २००२ टर्बो बघा: पुढच्या स्पॉयलरवर गाडीचं नाव उलट्या अक्षरांत लिहिलेलं, का, तर पुढच्या गाडीवाल्यानं आरशात बघितल्यावर त्याला ते सुलट वाचता यावं आणि त्यानं मुकाट बाजूला व्हावं! आणि हे नेमकं तेलाच्या संकटाच्या वर्षी. एवढी ओरड झाली की ती अक्षरं काढावी लागली, आणि गाडीही दोन हजारांच्या आतच बंद पडली. आता कंपनीच अशी जाहिरात करणार तर गिऱ्हाईक काय साधू होणार आहे का? अलीकडचं म्हणाल तर काही देशांत सीट गरम करायला दरमहा भाडं मागायची आयडिया, म्हणजे हीटर गाडीत बसवलेला आहे, तुम्ही गाडीचे पैसे दिलेत, तरी बटण चालू करायचे वेगळे. लोकांनी इतकं झोडपलं की २०२३ ला माघार घेतली. हे वाचून वाटलं की १९५९ च्या सभेतले ते माटर्न वकील आज असते तर काय बोलले असते!

रोव्हरचं प्रकरणही लेखात हवं होतं. १९९४ ला ८० कोटी पाउंडांना घेतलेली इंग्लिश कंपनी २००० ला १० पाउंडांना देऊन टाकली, दहा फक्त, मधल्या काळात बॉस पिशेट्सरीडर यांची खुर्चीही गेली. पण रोव्हरची छोटी गाडी मिनी स्वतःकडे ठेवली आणि ती चांगली चालली. एका इंग्लिश छोट्या गाडीनं या कंपनीला कार बनवायला शिकवलं होतं, त्यामुळे हे मला जरा योगायोगासारखं वाटतं, तुम्हाला वाटो न वाटो.

शेवटी एक दुरुस्ती छापा ही विनंती. लेखातल्या तिसऱ्या फोटोखाली ‘१९५५ ची इसेटा’ असं लिहिलंय. ती इसेटा नाहीये, ती १९५७ ची ६०० आहे, इसेटाच ओढून लांब केलेली, चार माणसांची, जी फार खपली नाही. ओळखायचं कसं तर फोटोत गाडीच्या उजव्या बाजूला मागे एक दार दिसतंय बघा. इसेटाला बाजूला दार नव्हतंच.

आपला,
रविवारची पुरवणी आधी वाचणारा एक वाचक